आधी गाड्या मोजा, मग डॉक ठरवा: वेगवेगळ्या ट्रकांसाठी लोडिंग डॉकची सविस्तर कार्यपद्धती

गोदामाचा आराखडा कागदावर उतरू लागला की डॉकची, म्हणजे गाडी मागून लावून माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याची, उंची किती धरायची, असा प्रश्न येतो आणि कोणीतरी ‘१२०० मिलिमीटर’ असे सांगून मोकळा होतो. त्या आकड्यावर भिंत उभी राहते, मग लेव्हलरची (डॉक आणि हौदा जोडणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या पुलाची) मागणी नोंदवली जाते, मग दरवाजे बसतात आणि सर्वांत शेवटी गाड्या येतात. तेव्हा कळते की कंटेनरची फरशी डॉकपेक्षा वीतभर वर आहे, छोट्या ट्रकचा हौदा गुडघाभर खाली आहे आणि हँड पॅलेट ट्रक घेऊन त्या उतारावर जायला कोणीही तयार नाही. १२०० हा आकडा चुकीचाच असतो असे नाही. मात्र तो गाड्या न मोजता घेतलेला असतो आणि त्याची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. गोदाम आधीच बांधलेले असले तरी पहिले दोन टप्पे वगळू नयेत, कारण दुरुस्ती कोठे करायची हे तेच सांगतात.

१. गाड्यांची यादी करा आणि प्रत्यक्ष मोजा

वाहतूकदाराकडून मिळणाऱ्या माहितीपत्रकावर विसंबून राहू नये. त्यातील उंची बहुधा रिकाम्या, नव्या गाडीची असते आणि टायर, स्प्रिंग, वर चढवलेली बॉडी यांमुळे प्रत्यक्षातील माप वेगळे निघते. किमान दोन आठवडे फाटकावर येणारी प्रत्येक गाडी मोजावी, आणि माल हंगामी असेल तर गर्दीच्या हंगामातही पुन्हा मोजावी.

मोजायचे ते हौद्याच्या मागच्या कडेला, जमिनीपासून फरशीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. कंटेनरच्या बाबतीत मागच्या उंबऱ्याची वरची कड हे माप धरावे, सांगाड्याची कड नव्हे. गाडी सपाट जागी उभी असावी. मोजपट्टी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कोपऱ्यांवर लावावी, कारण एका बाजूची स्प्रिंग बसलेली असेल तर दोन्ही कोपऱ्यांत फरक पडतो, आणि पुढे लेव्हलरची लिप (हौद्यावर टेकणारी पुढची पट्टी) एका टोकाला टेकते व दुसऱ्या टोकाला अधांतरी राहते. प्रत्येक गाडीची भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही मापे घ्यावीत. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर हवा भरलेली आणि हवा सोडलेली अशी आणखी दोन मापे नोंदवावीत.

उंचीबरोबर गाडीची एकूण लांबी, बाहेरची रुंदी, बॉडीची जमिनीपासूनची सर्वाधिक उंची, मागचा दरवाजा कोणत्या प्रकारचा आहे (दोन पल्ल्यांचा, वर गुंडाळला जाणारा की खाली पडणारा फाळका) आणि मागे टेल-लिफ्ट (माल वर-खाली नेणारी गाडीचीच प्लेट) आहे का, हे लिहून ठेवावे. माल मागून काढायचा की बाजूने, हा रकाना बहुतेक नमुन्यांत नसतो, तो आवर्जून घालावा.

तुलनेसाठी काही साधारण आकडे सोबत ठेवता येतील. बंद बॉडीच्या सेमी-ट्रेलरची फरशी १२०० ते १३२० मिमी, ट्रेलरवर चढवलेल्या कंटेनरची १४०० ते १५५० मिमी, मध्यम आकाराच्या ट्रकची १००० ते १२०० मिमी आणि छोट्या डिलिव्हरी गाड्यांची ५०० ते ९०० मिमी या पट्ट्यात असते. कंटेनरची बाहेरची रुंदी मात्र ठरलेली, २४३८ मिमी असते. साध्या कंटेनरची बाहेरची उंची २५९१ मिमी, तर हाय-क्यूब म्हणजे जास्त उंच कंटेनरची २८९६ मिमी असते.

तपासा: एकाच प्रकारच्या गाडीची भरलेली आणि रिकामी उंची अगदी सारखी आली असेल, तर मोजणाऱ्याने एकच माप दोनदा लिहिलेले असते. गाडीचा माल उतरत जातो तशी ती वर येते, आणि हा फरक १०० मिमीपर्यंतही जाऊ शकतो.

२. गट पाडा आणि डॉकची संख्या गटवार काढा

मोजलेल्या गाड्यांची सरासरी काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. निम्म्या गाड्या १४८० च्या आणि निम्म्या ९०० च्या असतील, तर ११९० ही सरासरी एकाही गाडीच्या कामाची नसते. त्याऐवजी उंचीनुसार गट पाडावेत: उंच (कंटेनर, काही रेफ्रिजरेटेड गाड्या), मध्यम (सेमी-ट्रेलर, मोठे ट्रक), कमी (छोटे ट्रक, व्हॅन), आणि उंची काहीही असली तरी डॉकवर मागून लागूच न शकणाऱ्या गाड्या.

आता प्रत्येक गटाचा गर्दीचा तास पाहावा. त्या तासात येणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले एका गाडीला डॉकवर लागणारी मिनिटे, भागिले ६०, इतके डॉक त्या गटाला लागतात. तासाला ६ ट्रेलर आणि प्रत्येकाला ४० मिनिटे, तर ४ डॉक. त्यावर एक जास्तीचा धरावा, कारण एखादा लेव्हलर केव्हा ना केव्हा दुरुस्तीला जाणारच. ४० मिनिटांत फक्त माल हलवण्याचा वेळ धरू नये. गाडी मागे घेणे, चाकांना ठोकळे लावणे, सील तपासणे, कागदपत्रे आणि गाडी बाहेर काढणे हे सगळे त्यात आले पाहिजे.

हा हिशेब गटवारच करावा. एकूण गाड्यांवर काढलेली संख्या कागदावर पुरेशी दिसते, आणि प्रत्यक्षात कंटेनर रांगेत उभे असताना छोट्या गाड्यांचे डॉक रिकामे पडलेले असतात.

३. डॉकची उंची ठरवा

या टप्प्यावर थोडे थांबून विचार करावा, कारण पुढे लेव्हलर बदलता येतो, दरवाजा बदलता येतो, भिंतीची उंची बदलता येत नाही.

पहिला प्रश्न असा की डॉकवर कोणते साधन फिरणार आहे. साधनानुसार झेपणारा उतार वेगळा असतो. व्यवहारात हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकसाठी ३ टक्के, बॅटरीवरच्या पॅलेट ट्रकसाठी ७ टक्के आणि बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टसाठी १० टक्के ही मर्यादा धरावी. डॉक लेव्हलरसाठीच्या ईएन १३९८ या युरोपीय मानकात वापरातील उताराची कमाल मर्यादा १२.५ टक्के आहे. लेव्हलर त्याहून अधिक वर-खाली जाऊ शकत असला तरी ती त्याची हालचाल झाली, काम करण्याची मर्यादा नव्हे.

उतार काढण्याची रीत सोपी आहे: डॉक आणि हौदा यांच्या उंचीतील फरक भागिले लेव्हलरची लांबी. समजा डॉक १२५० मिमी, कंटेनर १४८० आणि मध्यम ट्रक ११०० मिमी आहे. कंटेनरकडे फरक २३० मिमीचा, ट्रककडे १५० मिमीचा. २५०० मिमी लांबीच्या लेव्हलरवर हे अनुक्रमे ९.२ आणि ६ टक्के होतात, तर ३००० मिमीच्या लेव्हलरवर ७.७ आणि ५ टक्के. बॅटरीवरची फोर्कलिफ्ट दोन्ही ठिकाणी चालेल. हँड पॅलेट ट्रक मात्र कोठेच चालणार नाही. २३० मिमीचा फरक ३ टक्क्यांत बसवायचा तर पावणेआठ मीटर लांबीचा लेव्हलर लागेल, आणि तसा लेव्हलर कोणी बसवत नाही. अशा वेळी उत्तर लेव्हलरमध्ये शोधू नये. काही डॉक ११५० आणि काही १४५० मिमी असे दोन उंचींचे बांधावेत. आतील फरशी एकाच पातळीत ठेवून बाहेरचे आवार दोन पातळ्यांवर घेतले की हे साधते.

दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण माझ्या मते तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे: गाडी डॉकपेक्षा वर असलेली बरी की खाली असलेली? फोर्कलिफ्टने माल नेताना माल नेहमी चढाच्या बाजूला राहिला पाहिजे. गाडी वर असेल तर भरताना फोर्कलिफ्ट सरळ चढते आणि उतरवताना उलटी खाली येते, म्हणजे दोन्ही वेळा माल चढाच्या बाजूलाच राहतो. गाडी खाली असेल तर भरताना फोर्कलिफ्ट मालासकट तोंडाने उतरते आणि उतरवताना उलटी चढते, त्यामुळे दोन्ही वेळा माल उताराच्या बाजूला झुकतो आणि पॅलेट काट्यांवरून सरकण्याची भीती राहते. म्हणून फोर्कलिफ्टवर चालणाऱ्या गोदामात दोन आकड्यांत शंका असेल, तर डॉक त्यांतल्या खालच्या आकड्यावर बांधावा.

इशारा: डॉक खूप खाली घेतला तर दुसरी अडचण येते. चढावर असताना फोर्कलिफ्टचा मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) मागे झुकतो आणि तिची मागची चाके लेव्हलरवर, पुढची लिपवर असताना मास्टचे टोक कंटेनरच्या दाराच्या वरच्या चौकटीला लागू शकते. साध्या कंटेनरच्या दाराची मोकळी उंची साधारण २२८० मिमी असते. फोर्कलिफ्टची मास्ट मिटलेली उंची पाहूनच चढ ठरवावा.

४. लेव्हलर निवडा

उंची ठरल्यावरच लेव्हलरकडे वळावे. त्यात चार गोष्टी ठरवायच्या असतात.

लांबी वर काढलेल्या उतारावरून ठरते. सर्वांत उंच रिकामी गाडी आणि सर्वांत खालची भरलेली गाडी या दोन टोकांवर गणित करावे, मधल्या गाडीवर नव्हे.

रुंदी १८०० ते २२०० मिमी या दरम्यान मिळते. रुंद लेव्हलर घेण्याचा मोह होतो, पण अरुंद बॉडीच्या गाडीत रुंद लिप शिरतच नाही आणि ती दाराच्या चौकटीवर टेकून बसते. अरुंद गाड्याही येणार असतील तर दोन्ही बाजूंचे कोपरे मागे सरणारी लिप घ्यावी.

लिप दोन प्रकारची असते. बिजागरीची लिप उघडून पुढे पडते, तिची लांबी साधारण ४०० ते ५०० मिमी असते. सरकणारी, म्हणजे टेलिस्कोपिक लिप हवी तितकीच बाहेर काढता येते आणि १००० मिमीपर्यंत मिळते. गाडीच्या दारापर्यंत ठासून पॅलेट भरलेले असतील तर बिजागरीची लिप उघडायला जागाच उरत नाही, ती पहिल्या पॅलेटवर आपटते. सरकणारी लिप तेथे थोडीशीच बाहेर काढून अलगद टेकवता येते. वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या येणाऱ्या गोदामाने शक्यतो सरकणारीच लिप घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही प्रकारांत लिपचा निदान १०० मिमी भाग हौद्याच्या फरशीवर टेकला पाहिजे.

भारक्षमतेत होणारी चूक नेहमीचीच आहे: ‘आमचे पॅलेट दोन टनांचे, म्हणून तीन टनांचा लेव्हलर पुरे.’ दोन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनच त्याच्या जवळपास दुप्पट असते. माल उचललेला असताना एकूण वजनाचा फार मोठा भाग पुढच्या दोन चाकांवर येतो आणि तीच चाके लिपच्या कडेवर धडकतात. म्हणून फोर्कलिफ्टचे वजन अधिक मालाचे वजन ही किमान संख्या धरून, दिवसातील फेऱ्या आणि वेग यांनुसार त्यावर राखीव क्षमता पुरवठादाराकडून लिहून घ्यावी.

डॉकच्या कडेला बसवायचे छोटे एज-लेव्हलर आणि हाताने ठेवायच्या पत्र्याच्या प्लेट स्वस्त पडतात, पण त्यांनी उंचीतला थोडासाच फरक भरून निघतो. सगळ्या गाड्या जवळपास एकाच उंचीच्या असतील तेथेच त्या वापराव्यात.

तपासा: लेव्हलर गाडीवर टेकल्यानंतर मोकळा तरंगतो का? फोर्कलिफ्टची पुढची चाके हौद्यात शिरतात त्या क्षणी गाडी खाली दबते, बाहेर येताना वर उचलली जाते. लेव्हलरला तिच्यामागे वर-खाली जाता आले पाहिजे. एका जागी अडकून बसणारा लेव्हलर चाकासमोर उंबरा उभा करतो.

५. आवार आणि गाडी मागे घेण्याची जागा

डॉकसमोर सर्वांत लांब गाडीच्या किमान दुप्पट मोकळी जागा असावी. १६.५ मीटरची जोडगाडी येणार असेल तर ३३ मीटर, आणि समोरच गाड्या उभ्या राहणार असतील तर ती जागा त्यांच्या पुढून मोजावी. डॉकची मध्यरेषा ते मध्यरेषा अंतर ३.६ मीटरहून कमी नसावे, ४ मीटर असेल तर शेजारच्या गाडीची दारे उघडी असतानाही चालकाला अडचण येत नाही. जागा कमीच असेल तर डॉक करवतीच्या दातांसारखे तिरके बांधता येतात. मात्र त्याच भिंतीत डॉकची संख्या घटते आणि गाड्यांना एकाच दिशेने यावे लागते.

आवारातील वाहतुकीची दिशा चालकाच्या बसण्याच्या बाजूवरून ठरवावी. गाडी मागे वळवताना ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला वळते ती बाजू चालकाला स्वतःच्या खिडकीतून दिसली पाहिजे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी आवारात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरावे लागते, डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी उलट. हा निर्णय फाटकाची जागा ठरण्यापूर्वी झाला नाही, तर पुढे तो बदलता येत नाही आणि प्रत्येक चालक आंधळ्या बाजूने गाडी लावत राहतो.

इमारतीची फरशी जमिनीच्या पातळीवर असेल तर डॉकसमोर खड्ड्यात उतरणारा रस्ता करावा लागतो. तेथे सर्वांत जास्त नुकसान होते ते गाडीच्या माथ्याचे. उतारावर उभ्या असलेल्या गाडीचा मागचा माथा इमारतीकडे झुकतो. डॉकच्या भिंतीवरील बंपरला (धक्का झेलणाऱ्या रबराला) ती साधारण १.२ मीटर उंचीवर टेकते आणि तिचा माथा ४ मीटरवर असतो, म्हणजे मधले अंतर २.८ मीटर. १ टक्का उताराला माथा २८ मिमी पुढे जातो, ६ टक्क्यांना जवळजवळ १७० मिमी. नेहमीचा बंपर भिंतीपासून १०० मिमीच पुढे असतो, त्यामुळे गाडी बंपरला लागण्यापूर्वीच तिचा माथा भिंतीत शिरतो. यासाठी उतार कमी करावा, बंपर पुढे आणावेत किंवा वरची भिंत मागे घ्यावी. जमत असेल तर गाडीची सगळी चाके सपाट भागावर येतील इतका डॉकलगतचा पट्टा सपाट ठेवावा आणि उतार त्याच्या बाहेर द्यावा.

पाणी डॉकच्या पायथ्याशी साचू नये म्हणून आडवी जाळीची गटार हवीच, आणि तिच्यापर्यंतचा ढाळ इमारतीपासून दूर असावा. घोडा (ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन) सोडवून नुसता ट्रेलर उभा करायचा असेल तर त्याचे पुढचे पाय जेथे टेकतात तेथे काँक्रीटचा पट्टा द्यावा, डांबरात ते पाय उन्हाळ्यात रुततात आणि ट्रेलर तिरका होतो.

६. बंपर, दरवाजा आणि शेल्टर

बंपर भिंतीच्या रक्षणासाठी असतो हे सर्वांना ठाऊक असते. तो कोणत्या उंचीवर बसवायचा हे मात्र डॉकच्या कडेवरून ठरवले जाते आणि तेथे चूक होते. उंच कंटेनरची कड बंपरच्या वर गेली तर गाडी बंपर चुकवून थेट भिंतीला लागते. म्हणून उंच गाड्यांच्या डॉकवर कडेच्या वरही पोहोचणारे उभे बंपर बसवावेत. माल चढता-उतरताना गाडी वर-खाली होऊन रबर घासले जाते, त्यासाठी पोलादी पत्र्याच्या तोंडाचे किंवा वर-खाली सरकणारे बंपर टिकतात.

दरवाजाची रुंदी आणि उंची गाडीच्या बॉडीवरून ठरवावी. दाराभोवतीचे फोमचे सील गाडीच्या कडांना घट्ट बसते, पण गाडीची रुंदी आणि उंची ठराविक असेल तरच. लहान गाडी आली की मोठी फट राहते आणि मोठ्या गाडीची दारे फोममध्ये अडकतात. गाड्या वेगवेगळ्या असतील तर पडद्यांचे शेल्टर (दार आणि गाडी यांमधली फट झाकणारे आच्छादन) घ्यावे. थंड मालासाठी हवा भरून फुगणारे शेल्टर अधिक योग्य ठरते, कारण गाडी पूर्ण लागल्यावरच ते फुगते आणि गाडीच्या आकाराप्रमाणे बसते. उघड्या बॉडीच्या ट्रकला यांपैकी कशाचाही उपयोग नाही, त्याच्यासाठी वर छत पुरते.

दोन पल्ल्यांची दारे डॉकला लागण्यापूर्वी उघडून बॉडीच्या बाजूला अडकवावी लागतात. थंड मालाच्या बाबतीत तेवढ्या वेळात बाहेरची हवा आत जाते. तेथे गाडी लागल्यानंतर आतून दारे उघडता येतील अशी खाच ठेवलेला आणि उभा मिटणारा लेव्हलर असलेला डॉक करता येतो. हे बांधकामातच करावे लागते, नंतर जोडता येत नाही.

७. डॉकवर न बसणाऱ्या गाड्यांची सोय

प्रत्येक गाडीला एकाच भिंतीवर लावण्याचा हट्ट सोडावा. व्हॅन आणि छोट्या गाड्यांसाठी ६०० ते ७०० मिमी उंचीचा एक वेगळा डॉक, किंवा जमिनीच्या पातळीवरचे एक मोठे दार, ही सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ सोय आहे. उंचीतील फरक फार मोठा आणि गाड्या कमी असतील तर सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या पायांवर वर-खाली होणारा मंच) चालते. ती कोणत्याही उंचीला जाते, पण एका वेळी एकच खेप नेते, त्यामुळे गर्दीच्या तासाला तिच्यावर अवलंबून राहू नये.

टेल-लिफ्ट असलेल्या गाडीची मागे मिटलेली प्लेट बंपर आणि बॉडी यांच्या मध्ये येते. डॉकच्या कडेखाली पोकळी ठेवली तर उघडलेली प्लेट तीत शिरते आणि गाडी नीट टेकते. पोकळी नसेल तर या गाड्यांना जमिनीवरच्या दाराकडे पाठवावे. लेव्हलरची लिप टेल-लिफ्टच्या प्लेटवर कधीही टेकवू नये.

बाजूने भरायच्या उघड्या ट्रकांसाठी आवारात दोन्ही बाजूंनी फोर्कलिफ्ट फिरू शकेल अशी सपाट, आखलेली जागा द्यावी. डॉकच नसलेल्या ठिकाणी कंटेनर रिकामा करायचा असेल तर चाकांवरचा लोखंडी रॅम्प वापरता येतो. फोर्कलिफ्ट चढण्यापूर्वी तो साखळीने गाडीला बांधलेला असला पाहिजे आणि त्याची चाके जमिनीवरून उचललेली असली पाहिजेत.

८. गाडी लावण्याचा रोजचा क्रम

डॉक कितीही चांगला बांधला तरी अपघात होतात ते बहुधा या क्रमात घाई केल्यामुळे. पुढील यादी प्रत्येक दारावर, आतल्या बाजूला लावावी.

१. फाटकावर गाडीचा गट पाहून डॉक क्रमांक द्यावा. केवळ रिकामा आहे म्हणून कोणताही डॉक देऊ नये.

२. गाडी मागे घेण्यापूर्वी लेव्हलर जागेवर, लिप आत आणि दार बंद असल्याची खात्री करावी.

३. गाडी डॉकपासून दूर असतानाच मागची दारे उघडून बाजूला अडकवावीत. खाली पडणारा फाळका असेल तर तो आधीच पूर्ण सोडावा, अर्धवट लोंबता फाळका बंपरवर वाकतो.

४. इशारा देणारा माणूस चालकाला आरशात दिसेल अशा बाजूला उभा राहावा. गाडी आणि डॉक यांच्या मध्ये कोणीही, एका क्षणासाठीही, उभे राहू नये.

५. गाडी बंपरला टेकली की हँडब्रेक, इंजिन बंद, चाकांना ठोकळे. मागचा संरक्षक दांडा पकडणारा हुक असेल तर तो लावावा. टेल-लिफ्टच्या किंवा सखल गाड्यांना तो हुक पकडत नाही, म्हणून हुक असला तरी ठोकळ्यांचा वापर कधीच बंद करू नये.

६. किल्ली डॉकच्या खिळ्यावर किंवा पेटीत ठेवावी. काम चालू असताना गाडी पुढे जाण्याचे मोठे कारण म्हणजे ‘झाले’ असे वाटलेला चालक. लाल-हिरव्या दिव्यांमुळे मदत होते, पण ते चालकाने पाहावे लागतात, किल्ली हाती नसेल तर पाहिले नाही तरी गाडी हलत नाही.

७. एअर सस्पेन्शन असेल तर हवा सोडून गाडी खाली बसवावी. हवा भरलेली ठेवली तर प्रत्येक फेरीला हौदा वर-खाली होतो आणि तेवढ्या हेलकाव्यात लिप निसटू शकते.

८. घोडा सोडलेला ट्रेलर असेल तर त्याच्या नाकाखाली आधाराचा जॅक लावावा. फोर्कलिफ्ट आतल्या टोकाला गेली की सगळे वजन पुढच्या पायांच्या पलीकडे येते आणि ट्रेलर नाकावर कलंडू शकतो.

९. हौद्याची फरशी पाहावी: कुजलेल्या फळ्या, भोके, तेल, बर्फ. रेफ्रिजरेटेड गाडीच्या खाचांच्या अॅल्युमिनियम फरशीवर लिपची कड आणि पॅलेट ट्रकची छोटी चाके कशी बसतात हे पाहूनच पुढे जावे.

१०. आता दार उघडावे, लेव्हलर वर घ्यावा, लिप बाहेर काढून हौद्यावर टेकवावी. दोन्ही टोकांना किमान १०० मिमी टेकली आहे का, हे वाकून डोळ्यांनी पाहावे. पहिली फेरी रिकाम्या फोर्कलिफ्टने आणि हळू घ्यावी.

काम संपल्यावर हाच क्रम उलटा: लेव्हलर जागेवर, दार बंद, जॅक आणि हुक काढले, ठोकळे काढले, आणि शेवटी किल्ली. किल्ली आधी देऊन ठोकळे नंतर काढण्याची सवय लागली असेल तर ती त्याच दिवशी मोडावी.

इशारा: माल अर्धा उतरल्यावर पुन्हा एकदा लिप पाहावी. रिकामी होत जाणारी गाडी वर येते, आणि फोर्कलिफ्टच्या धक्क्यांनी ती बंपरपासून थोडी थोडी पुढेही सरकते. सुरुवातीला १०० मिमी टेकलेली लिप तासाभराने तेवढी टेकलेली असेलच असे नाही.

९. ताबा घेताना आणि नंतरची तपासणी

डॉकचा ताबा घेण्यापूर्वी यादीतील सर्वांत उंच, सर्वांत सखल, सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद अशा चार गाड्या प्रत्यक्ष लावून पाहाव्यात, त्यांपैकी निदान एक भरलेली असावी. पुरवठादाराचा माणूस हजर असतानाच हे करावे. त्यानंतर दर महिन्याला बंपरची झीज, लिपच्या बिजागऱ्या किंवा सरकण्याचे मार्ग, हायड्रॉलिक तेलाची गळती, लेव्हलरखालच्या खड्ड्यात साचलेला कचरा आणि आणीबाणीत लेव्हलर जागीच थांबतो का, हे पाहावे. लेव्हलरखाली उतरण्यापूर्वी त्याचा लोखंडी आधार लावलेला आणि वीज तोडून कुलूप घातलेले असावे.

नवा वाहतूकदार नेमला किंवा मालाचे पॅकिंग बदलले, की पहिल्या टप्प्यातील मोजमापाची वही पुन्हा उघडावी आणि नव्या गाड्या त्यात भरून उताराचे गणित नव्याने करावे.